बदल गृहीत धरणारा करार: पंधरवड्याच्या पद्धतीने बांधकामाचा गुत्ता कसा लिहावा

मराठवाड्यात खासगी बांधकामाचा गुत्ता बहुधा दोन रीतींनी ठरतो. एक तर स्क्वेअर फुटाचा भाव बोलून बॉण्डवर दोन पाने लिहायची. नाहीतर सरकारी निविदेचा जाडजूड मसुदा उचलून त्यातली नावे बदलायची. पहिल्या रीतीत बदल आला की वाद होतो, कारण बदलाबद्दल कागदात अवाक्षर नसते. दुसरीत काम अडते, कारण मसुद्यात लिहिलेली मंजुरीची उतरंड खासगी साइटवर कुठेच नसते.

बदल तर येणारच. काळी माती ठरलेल्या खोलीवर संपत नाही, बँकेचा हप्ता पुढे जातो, दसऱ्यानंतर निम्मी टोळी ऊसतोडीला निघते, मालकाला मधेच एक खोली मोठी हवी असते. अशा कामासाठी अ‍ॅजाइल पद्धत चांगली आहे. काम लहान तुकड्यांत घ्यायचे, दर तुकड्यानंतर पाहायचे, पुढचा तुकडा आज जे कळले आहे त्यावर ठरवायचा. पण २००१ मध्ये सॉफ्टवेअरवाल्या सतरा जणांनी मांडलेल्या अ‍ॅजाइल जाहीरनाम्यात कराराच्या वाटाघाटींपेक्षा ग्राहकाशी सहकार्याला जास्त मोल दिले आहे, आणि त्याचा अर्थ ‘कराराची गरज नाही’ असा काढणारे पुष्कळ भेटतात. बांधकामात हा अर्थ महागात पडतो. संगणकातली ओळ खोडता येते, ओतलेला स्लॅब खोडता येत नाही. इथे सहकार्य टिकायचे असेल तर बदलाचे नियमच करारात लिहावे लागतात.

त्यासाठी दोन ठिकाणांहून उसनवारी करता येते. अमेरिकेतल्या ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी घडवलेल्या ‘लास्ट प्लॅनर’ पद्धतीतून आठवड्याच्या नियोजनाची शिस्त घ्यावी. ब्रिटनमध्ये १९९३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘एनईसी’ करारातून आगाऊ इशारा आणि लक्ष्य-किंमत या दोन कल्पना घ्याव्यात. मूळ मसुदे जसेच्या तसे उचलू नयेत. ते मोठ्या यंत्रणेसाठी लिहिलेले आहेत, आणि इथल्या गुत्तेदाराकडे बहुधा एक सुपरवायझर आणि एक हिशेबनीस असतो.

पुढे एकच उदाहरण धरले आहे: परभणीत तळमजला अधिक दोन मजले, १२,००० चौरस फुटांचा दवाखाना. यातले दर हिशेब दाखवण्यापुरते आहेत, बाजारभाव म्हणून वापरू नयेत.

कागद दोन असावेत

पहिला कागद मूळ करार. त्यात फक्त नियम असतात: दर कसे निघतील, बदल कोण मान्य करील, पैसे किती दिवसांत मिळतील, वाद कुठे जाईल. तो एकदाच सही होतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो. दुसरा कागद टप्पापत्रक, दर टप्प्याला एक पान. दवाखान्याचे पाच टप्पे पडतात: पाया ते प्लिंथ (जोते), तळमजल्याचा स्लॅब, वरचे दोन स्लॅब, वीटकाम-प्लास्टर, आणि फिनिशिंग. पत्रकावर नकाशांचे क्रमांक व आवृत्ती, परिमाणे, सुरू आणि संपण्याची तारीख, आणि दोन सह्या. नियमांबाबत मूळ करार वरचढ, परिमाण आणि तारखांबाबत टप्पापत्रक वरचढ, हे वाक्य मूळ करारातच घालावे.

इथे एक कायदेशीर खाच आहे, आणि लवचिक करार हमखास तिच्यातच अडकतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २९ प्रमाणे ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल ठरतो. ‘पुढच्या टप्प्याचा दर चर्चेने ठरवू’ हे वाक्य म्हणून कुचकामी आहे. चर्चा फिसकटली तर हातात काहीच उरत नाही. दर आज माहीत नसला तरी तो काढण्याची रीत आज लिहिता येते:

‘परिशिष्ट अ मध्ये दर असलेल्या कामाची किंमत त्या दरास संयुक्त मोजमापाने गुणून काढली जाईल. दर नसलेल्या कामाची किंमत म्हणजे साहित्याचे खरेदी बिल, अधिक हजेरीपटावरील मजुरी, अधिक यंत्राचे भाडे, आणि या बेरजेवर १२ टक्के.’

पुढे टप्पापत्रकात फेरफार करायचा तर कलम ६२ प्रमाणे दोघांच्या संमतीने करता येतो. संमती सहीनेच दिसली पाहिजे.

भावाचे तीन कप्पे

सगळ्या इमारतीला एकच स्क्वेअर फुटाचा भाव लावला की बदलाची किंमत काढायला आधारच उरत नाही. कॉलम वाढले, स्क्वेअर फूट तेवढेच. म्हणून भाव तीन कप्प्यांत ठेवावा.

जमिनीखालचे काम मोजून पैसे. काळ्या मातीच्या पट्ट्यात मुरूम किंवा पाषाण किती खोल लागेल हे दोन-तीन चाचणी खड्ड्यांवरून अंदाजानेच कळते. तिथे गुत्तेदाराकडून ठोक रक्कम घेतली तर तो एक तर धोक्याचा भार आधीच भावात घालतो, नाहीतर खोली चोरतो. दोन्हीत नुकसान मालकाचेच. खोदाईचे दर खोलीच्या थरांप्रमाणे, मातीसाठी वेगळे आणि खडकासाठी वेगळे, परिशिष्टात लिहावेत.

सांगाडा आयटम दराने. काँक्रीट घनमीटरवर, सळई किलोवर, सेंट्रिंग चौरस मीटरवर. मोजण्याची रीत आयएस १२०० या भारतीय मानकाप्रमाणे, हे एका ओळीत लिहिले की प्लास्टरमध्ये दारा-खिडक्यांची वजावट किती, यावरचे भांडण मिटते.

फिनिशिंगला लक्ष्य-किंमत. इथेच मालकाचे मन सर्वांत जास्त बदलते आणि इथेच दोघांनी मिळून बचत करता येते. समजा लक्ष्य ६० लाख आणि गुत्तेदाराची फी वेगळी, ठोक ६ लाख. प्रत्यक्ष खर्च ५४ लाख आला तर वाचलेल्या ६ लाखांतले ३ गुत्तेदाराचे. खर्च ६६ वर गेला तर वरचे ६ लाख निम्मे-निम्मे. इथे फी टक्केवारीत ठेवू नये. टक्केवारीत खर्च वाढला की फी वाढते, मग बचतीत कुणाला रस उरेल? गुत्तेदाराच्या तोट्याच्या वाट्याला त्याच्या फीएवढी मर्यादा घालावी. त्यापलीकडे लहान गुत्तेदार काम सोडून जातो आणि करारातला हक्क कागदावरच राहतो. उलट बाजूने मालकासाठी हे वाक्य हवे: ‘अंदाजित खर्च लक्ष्याच्या ५ टक्के वर जाताना दिसला की तीन दिवसांत बैठक होईल आणि कोणते काम कमी करायचे हे ठरेपर्यंत नवी खरेदी होणार नाही.’

लक्ष्य-किंमतीला उघडी वही लागते. खरेदीची जीएसटी बिले, हजेरीपट, टँकरच्या पावत्या, वाळू-मुरमाच्या वाहतुकीचे परवाने सगळे एका फाइलीत, दर पंधरवड्याला दाखवायचे. ज्या गुत्तेदाराची खरेदी तोंडी उधारीवर चालते त्याच्याशी हा प्रकार करू नये. तिथे फिनिशिंगही आयटम दरानेच बरे.

गोठवण्याच्या तारखा

निर्णय उशिरा घ्यायला हरकत नाही, पण प्रत्येक निर्णयाची एक अखेरची तारीख असते. ती तारीख टप्पापत्रकावर छापलेली असावी. दवाखान्यासाठी साधारण अशी:

पायाचे व कॉलमचे नकाशे आणि लिफ्टचा खड्डा, खोदाईच्या २१ दिवस आधी. लिफ्टची कंपनी पक्की नसेल तर खड्ड्याची खोली कळत नाही, आणि राफ्ट (तळाचा काँक्रीटचा थर) ओतल्यावर ती वाढवणे म्हणजे तोडफोड. पुष्कळ जण हा निर्णय फिनिशिंगमध्ये मोजतात. तो पायाचा निर्णय आहे.

स्लॅबमधले वायरिंगचे पाइप, पंख्याचे बॉक्स आणि संडास-बाथरूमचे सनकन (खाली उतरवलेला स्लॅब), सळई बांधायला लागण्याआधी १० दिवस.

खिडक्यांची रुंदी वीटकाम सिलपर्यंत येण्याआधी, उंची लिंटेलची सेंट्रिंग लागण्याआधी.

स्विचबोर्डच्या जागा भिंतीला झिरी मारण्याआधी. टाइलचा प्रकार आणि जाडी चौकटी बसवण्याआधी. दोन मिलिमीटरचा फरक कागदावर दिसत नाही, दार घासायला लागल्यावर दिसतो.

नियम सोपा ठेवावा. तारखेआधीचा बदल फक्त दराच्या फरकाने. तारखेनंतरचा बदल म्हणजे तोडण्याचा खर्च, पुन्हा करण्याचा खर्च आणि रिकामी बसलेली टोळी, तिन्ही मालकाकडे; आणि लागणारे दिवस मुदतीत वाढतील. नकाशा उशिरा आला तर तेवढेच दिवस गुत्तेदाराला मिळतील.

एक बंधन मात्र कुठल्याही तारखेने सैल होत नाही. कॉलम, बीम, स्लॅब, सळई यांतला बदल स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय होणार नाही, मालक आणि गुत्तेदार दोघेही राजी असले तरी. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप झालेला हा प्रदेश आहे. ‘एवढा कॉलम जरा इकडे सरकवू’ असे साइटवर उभे राहून ठरवण्याची मुभा कुणालाही नसावी.

पंधरवडा कसा चालवायचा

दर पंधरवड्याला सहा आठवड्यांची नजर टाकायची. त्यात फक्त अडथळे शोधायचे: नकाशा आहे का, सळई आली का, पाण्याचा टँकर बांधला का, सेंट्रिंगच्या प्लेटा दुसऱ्या साइटवरून कधी सुटतील. ज्या कामाचा अडथळा निघाला तेवढेच पुढच्या पंधरवड्याच्या यादीत येते. यादीतला शब्द ज्याचा हात कामाला लागणार त्याने द्यायचा: सेंट्रिंगचा मुकादम, सळई बांधणारा फिटर, गवंड्यांचा मिस्त्री. गुत्तेदाराने सगळ्यांच्या वतीने ‘होऊन जाईल’ म्हणायचे नाही.

आठवड्याची बैठक आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी ठेवावी. बाजाराच्या दिवशी सुट्टी असते आणि मजुरांचा हप्ता वाटला जातो. आदल्या दिवशी मोजमाप झाले की हप्त्याचा आकडाही बरोबर निघतो. अर्धा तास पुरे, उभ्याने.

समजा आठवड्याला १४ कामांचा शब्द दिला आणि १० पूर्ण झाली, म्हणजे ७१ टक्के. न झालेल्या चारपुढे कारण लिहायचे: साहित्य, मजूर, नकाशा, पाणी, आधीचे काम अपुरे. तीन-चार आठवड्यांत एकच कारण पुन्हा-पुन्हा दिसायला लागते, आणि दुरुस्ती तिथे करायची. ८५ टक्के झालेले काम यात शून्यच धरायचे, नाहीतर ‘थोडंच राहिलंय’ या दोन शब्दांत महिना जातो.

या टक्केवारीवर दंड लावायचा मोह होतो. लावू नये. दंड लागला की मुकादम कमी कामाचा शब्द देतो किंवा झाले नसताना झाले म्हणतो, आणि ती वही निरुपयोगी होते. उशिराची भरपाई फक्त टप्प्याच्या अंतिम तारखेवर लावावी.

इशारा आणि एक खड्डा जवळून

करारातले सर्वांत कामाचे कलम हेच. ज्याला कुणाला खर्च, वेळ किंवा दर्जा बिघडवणारी गोष्ट दिसेल, त्याने २४ तासांत इशारा द्यायचा. इशारा म्हणजे तक्रार नव्हे, त्यावर हक्क-मागणीचा शिक्का नको. दिला म्हणून कुणी दोषी ठरत नाही. दोन दिवसांत सगळ्यांनी साइटवर भेटायचे.

दवाखान्याला २४ फुटिंग, म्हणजे कॉलमखालचे पाये. ओळीतली ९ फुटिंग पूर्वेच्या अंगाला, तिथे चाचणी खड्डा घेतलाच नव्हता. ठरलेल्या खोलीला पोचल्यावर कुदळ अजून काळ्या चिकण मातीतच जाते आहे, ढेकूळ हातात दाबले तर साबणासारखे गुळगुळीत. पहारीने ठोकून पाहिले तर मुरूम आणखी ०.७ मीटर खाली. सुपरवायझरचा ग्रुपवरचा निरोप असा असावा: ‘डॉक्टर साहेब, इंजिनिअर साहेब, इशारा क्र. ३. फुटिंग एफ-११ ते एफ-१९, ठरलेल्या खोलीला काळी माती, मुरूम सुमारे ०.७ मी. खाली. फोटो टेपसह टाकले आहेत. उद्या सकाळी ९ ला साइटवर या. तोपर्यंत या ९ खड्ड्यांचे काम थांबवले आहे, बाकी १५ चालू.’

हा निरोप गेला नाही तर काय होते? खोदणारा खाली जातो आणि खड्डा काँक्रीटने भरून ठरलेल्या पातळीला आणतो, कारण नकाशातली पातळी तीच आहे. २.२ बाय २.२ मीटरचा खड्डा, ०.७ खोली, ९ खड्डे: ३०.५ घनमीटर. खोदाई ३०० रुपयांनी ९,१५० आणि भरावाचे साधे काँक्रीट ४,८०० रुपयांनी १,४६,४००. एकूण १,५५,५५०.

इशारा गेला तर स्ट्रक्चरल इंजिनिअर फुटिंगच खाली मुरमावर उतरवायला सांगू शकतात. कॉलम ०.३ बाय ०.४५, ०.७ ने लांब: नऊ मिळून ०.८५ घनमीटर. सळई-सेंट्रिंगसह १५,००० रुपये घनमीटरने १२,७५०. खोदाई तीच ९,१५०. वर मुरूम भरून धुमस करायला २९.६५ घनमीटर, २०० रुपयांनी ५,९३०. एकूण २७,८३०. लांब झालेल्या कॉलमची आणि प्लिंथ बीमची तपासणी त्यांनी करून सही द्यायची. सव्वा लाखाहून जास्त वाचले आणि दिवस गेला एक.

इशारा उशिरा दिला तर? ‘अमुक दिवसांत नोटीस नाही तर हक्क संपला’ हे वाक्य परदेशी मसुद्यांतून येते. आपल्याकडे करार कायद्याचे कलम २८ ठरावीक मुदत संपली म्हणून हक्क नष्ट करणारी अट त्या मर्यादेत रद्दबातल ठरवते, त्यामुळे या वाक्यावर विसंबू नये. त्याऐवजी लिहावे: ‘वेळेवर इशारा दिला असता तर जो खर्च टळला असता, तो इशारा न देणाऱ्याचा.’ वरच्या खड्ड्यात तो आकडा १,२७,७२० रुपये. तो मोजता येतो, आणि त्यातच त्याची ताकद आहे.

बदलपत्रक

इशाऱ्यानंतर किंवा मालकाच्या मागणीनंतर गुत्तेदाराने ५ दिवसांत एका पानावर तीन आकडे द्यायचे: खर्चातला फरक, दिवसांतला फरक, आणि कोणत्या पुढच्या कामावर परिणाम. मालकाने किंवा त्याच्या नेमलेल्या इंजिनिअरने ३ दिवसांत हो किंवा नाही म्हणायचे. सहीशिवाय काम सुरू नाही. जिवाला किंवा शेजारच्या भिंतीला धोका असेल तेवढाच अपवाद. मालकाच्या वतीने सही कोण करील त्याचे नाव करारात हवे. घरातला प्रत्येक जण साइटवर येऊन वेगळे सांगतो आणि गुत्तेदार प्रत्येकाला हो म्हणतो, या एका गोष्टीने मोडलेली कामे फार आहेत.

व्हॉट्सअ‍ॅप इशाऱ्याला आणि फोटोंना उत्तम, बदल मान्य करायला अपुरे. व्हॉइस नोटवरची मान्यता धरली जाणार नाही असे लिहावे. वाद न्यायालयात गेला तर फोनमधला मजकूर पुरावा म्हणून मांडायला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. सही केलेल्या कागदाचे काम त्याहून सोपे.

पाऊस, पाणी, टोळी, सळई

पावसाळ्याला दैवी आपत्ती म्हणून मोकळे सोडू नये. जून ते सप्टेंबरचे काही दिवस वाया जाणार हे माहीतच आहे. ते आधीच मोजून वेळापत्रकात धरावेत, आमच्या मते महिन्याला ५. त्यावरची वाढ फक्त मोजलेल्या पावसावर: ‘ज्या महसूल मंडळात साइट आहे तिथे २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेल्यास तो दिवस आणि पुढचे २ दिवस मुदतीत मिळतील.’ ६५ मिलिमीटर हा शासनाचा अतिवृष्टीचा निकष आहे आणि नोंद मंडळनिहाय मिळते. खड्ड्यात साचलेल्या पाण्याचा उपसा ताशी दराने परिशिष्टात ठेवावा.

पाणी कुणाचे हे लिहिल्याशिवाय मार्चनंतर काम सुरूच करू नये. बोअर आटला की क्युरिंगवरच, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्यावरच, पहिली कात्री लागते. आयएस ४५६ प्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस, पण कोरड्या-उष्ण हवेत आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओल हवी. मे महिन्यात १४ धरावेत. टँकर आयटम दराने, मालकाच्या खर्चाने, पावतीवर ठेवला तर पाणी मारले जाते. गुत्तेदाराच्या भावात दडवला तर मारले जात नाही.

टोळीबद्दल: दिवाळीपासून मार्चपर्यंत बीड, धाराशिवकडची माणसे ऊसतोडीवर असतात. टप्पापत्रकावर किमान माणसे लिहावीत, उदा. फिटर ६, सेंट्रिंगवाले ८. मुकादमाला दिलेली उचल हा गुत्तेदाराचा व्यवहार, मालकाच्या हिशेबात तिला जागा नाही.

सळईचा भाव जालन्याच्या गिरण्यांच्या बिलावर बांधता येतो. करारादिवशीचा भाव आधार, ५ टक्क्यांपर्यंतची चढ-उतार गुत्तेदाराची, पुढची मालकाची. आधार ५२,००० रुपये टन, खरेदी ५८,५०० ला: फरक ६,५००, त्यातले २,६०० गुत्तेदाराचे, ३,९०० मालकाचे. १८ टनांना ७०,२०० रुपये. भाव उतरला तर हाच नियम उलट लागेल, हे न विसरता लिहावे.

पैसे

पंधरवड्याने काम आणि तीन महिन्यांनी बिल, असा करार चालत नाही. संयुक्त मोजमाप पंधरवड्याच्या शेवटच्या दिवशी, मोजमाप वहीत दोघांच्या सह्या. त्याच दिवशी अंदाजे रकमेच्या ७५ टक्के, उरलेले तपासणीनंतर ७ दिवसांत. वाद असलेली रक्कम वेगळी काढावी, वाद नसलेली अडवू नये. पैसे १० दिवसांहून जास्त थकले तर ३ दिवसांची नोटीस देऊन काम थांबवण्याचा आणि तेवढे दिवस मुदतीत मिळण्याचा हक्क गुत्तेदाराला द्यावा. हे कलम मालकाला टोचते, पण याशिवाय भाव खाली येत नाही: उशिरा मिळणाऱ्या पैशाचे व्याज प्रत्येक गुत्तेदार दरात घालतोच.

सुरुवातीला ५ टक्के उचल, पाच बिलांत कापून घ्यावी. प्रत्येक बिलातून ५ टक्के राखीव. निम्मी ताबा घेताना परत, निम्मी दोषदुरुस्ती काळ संपल्यावर. तो काळ ‘१२ महिने आणि त्यात एक पूर्ण पावसाळा’ असा लिहावा. जुलैत ताबा घेतला तर पुढच्या जुलैपर्यंत एकही पावसाळा जून ते सप्टेंबर असा सलग पार पडत नाही, आणि गच्चीची गळती उशिराच्या पावसातच दिसते.

पूर्ण म्हणजे काय

पंधरवड्याच्या यादीत ‘पूर्ण’ लिहिण्याआधी काय तपासायचे ते आयटमनिहाय हवे. स्लॅबसाठी ओतण्याआधी: सळईचे व्यास व अंतर, कव्हर ब्लॉक, रिंगांचे हूक १३५ अंशांत आत वळलेले, पाइप गोठवलेल्या नकाशाप्रमाणे, इंजिनिअरची सही. ओततानाचे नमुने आयएस ४५६ प्रमाणे: १६ ते ३० घनमीटरला ३ नमुने, प्रत्येकी ३ क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे). सात दिवसांचा अंदाज हवा तर जास्तीचे क्यूब भरावेत. बिल ओतल्यावर द्यावे, पण १० टक्के २८ दिवसांच्या अहवालापर्यंत थांबवून.

पंधरवड्याच्या घाईने टेकू लवकर काढले जाऊ नयेत. ४.५ मीटरपेक्षा जास्त गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू १४ दिवस, ६ मीटरपेक्षा जास्त बीमचे २१ दिवस. हा ओपीसीचा किमान काळ आहे, पीपीसीला इंजिनिअर वाढवू शकतात. हे आकडे करारात ‘कोणत्याही बदलपत्रकाने कमी होणार नाहीत’ अशा यादीत घालावेत.

मुदत, वाद, निघण्याची वाट

उशिराची भरपाई दिवसाला ठरावीक रक्कम, कमाल टप्प्याच्या किंमतीच्या ५ टक्के. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय लिहिलेल्या रकमेपर्यंतच वाजवी भरपाई देते, त्यामुळे फुगवलेल्या दंडाने काही साधत नाही. मुदत उलटल्यावर मालक मुकाट्याने काम स्वीकारत राहिला तर कलम ५५ आड येते: स्वीकारताना भरपाईचा हक्क राखल्याची नोटीस द्यावी लागते.

वाद प्रथम साइटवर २ दिवस, मग मालक आणि गुत्तेदार समोरासमोर ५ दिवस, मग करारातच नाव दिलेला तिसरा इंजिनिअर, १४ दिवसांत लेखी निर्णय. तो निर्णय लवादापर्यंत पाळायचा आणि काम चालू ठेवायचे. लवाद एकच, दोघांच्या संमतीने नेमलेला, ठिकाण छत्रपती संभाजीनगर. ‘लवाद मालक नेमेल’ असे लिहू नये. एकाच पक्षाने एकट्याने लवाद नेमणे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये अमान्य केले आहे.

प्रत्येक टप्प्याच्या शेवटी १५ दिवसांच्या नोटिशीने कुणालाही बाहेर पडता यावे. मोजमाप, साइटवरच्या साहित्याची यादी, क्यूबचे अहवाल, ५ टक्के राखीव मागे, हिशेब २१ दिवसांत. मधल्या अवस्थेत नाही: टेकू लागलेला स्लॅब किंवा उघडे पायाचे खड्डे सोडून कुणी जाऊ शकत नाही, हे स्पष्ट लिहावे.

जिथे ही पद्धत आखडते

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ (टक्केवारी दराच्या) किंवा बी-२ (आयटम दराच्या) निविदेत मूळ करार बदलता येत नाही. निविदेतल्या परिमाणाच्या १२५ टक्क्यांपलीकडच्या कामाचा दर वेगळ्या नियमाने निघतो, जादा बाबींना मंजुरी लागते. तिथे पंधरवड्याची वही आणि इशारा हे गुत्तेदार आणि त्याच्या पोटगुत्तेदारांमध्ये वापरावेत. फ्लॅट योजनेत रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे मंजूर नकाशात किंवा सामाईक जागेत बदल करायला दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते, आणि ताब्यानंतर ५ वर्षे संरचनेच्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर राहते. ती जबाबदारी गुत्तेदाराच्या करारात त्याच मुदतीने उतरवावी. मंजूर नकाशाबाहेरचा कोणताही बदल असेल तर बदलपत्रकावर ‘सुधारित परवानगी: कोण आणणार, कधी’ हा रकाना भरल्याशिवाय सही करू नये.

शेवटी मुद्रांक. कामाच्या गुत्त्याला महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाचा अनुच्छेद ६३ लागतो आणि शुल्क रकमेप्रमाणे ठरते. कोटीचा करार सवयीने पाचशेच्या बॉण्डवर केला तर तुटीचे शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो पुराव्यात घेतला जात नाही. मुद्रांक कार्यालयात चालू दर विचारून, अंदाजित एकूण किंमतीवर शुल्क भरावे. मग सर्व पानांवर, परिशिष्ट अ च्या दरांसह, दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि एक प्रत साइटच्या खोलीत, मोजमाप वहीच्या शेजारी ठेवावी.